एकोणतीस शून्यं

४ जानेवारी २०२५

ही वही क्लासच्या सरांनी गेल्या दिवाळीला दिली होती, मिठाईऐवजी. तेव्हा मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. आज उपयोगी पडतेय. घरात आई सोडून कुणी नाही, आणि आईला 'मास्टर्स' म्हटलं की ती विचारते, म्हणजे मास्तरीण होणार ना गो?

नेदरलँड्सच्या विद्यापीठाने मला घेतलं. किनारपट्टी संवर्धन, दोन वर्षं, सप्टेंबरपासून. मालाडच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली मी, श्रुतिका, वय चोवीस, चिखलात निवट्या मासे पकडून मोठी झालेली, आठवीच्या पोरांना विज्ञान शिकवून पोट भरणारी. मेल चारदा वाचला. पाचव्यांदा नुसता खर्चाचा आकडा वाचला. राहण्याखाण्यासकट पंचेचाळीस लाख. झकास.

९ जानेवारी

बँकेतल्या बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, कर्ज दिलं नाही. तारण काय, म्हणाल्या. घर आहे म्हटलं, पणजोबांच्याही आधीपासूनचं. कागद? आमच्या गल्लीत कुणाच्याच घराला प्रॉपर्टी कार्ड नाही. मोजणी होणार, होणार, हे मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. बाई म्हणाल्या, मग ते घर तुमचं आहे हे आम्ही कसं समजायचं? समोरच्या टॉवरमध्ये तीन वर्षांपूर्वी आलेल्यांचं घर त्यांचं. आमचं मात्र आम्ही सिद्ध करायचं. बाहेर येऊन चहा घेतला, तोही थंड.

बाबा असते तर बोटीवर पैसे उचलले असते. बाबा गेले त्याला सात वर्षं झाली, बोट त्याच वर्षी विकली. आता घर आईच्या पाटीवर चालतं. ती ओहोटीला खाडीत उतरते, हाताने चिंबोऱ्या, निवट्या, कालवं काढते आणि बाजारात बसते. त्यातून पंचेचाळीस लाख काढायचे तर मला तिसऱ्या जन्मात अॅडमिशन घ्यावी लागेल.

१७ जानेवारी

कॉलेजच्या मॅडमनी लिंक पाठवली होती, आज जाऊन आले. अंधेरीला एका मोठ्या बांधकाम कंपनीचं फाउंडेशन आहे. पर्यावरण आणि संवर्धनाच्या उच्चशिक्षणासाठी शिष्यवृत्ती देतात. फी, राहणं, विमान, सगळं. वर्षाला एकच आणि तीही किनाऱ्यावरच्या समाजातल्या मुलाला किंवा मुलीला. अट एवढीच की आपल्याच भागाचा एक अभ्यास करून द्यायचा, त्यावरून निवड.

ऑफिस थंडगार. लॉबीत काचेच्या पेटीत एका पुलाचं मॉडेल ठेवलंय, इतकं सुबक की वर नखाएवढ्या गाड्यासुद्धा. खाली आमची खाडी, निळीशार. मी वॉचमनला म्हटलं, दादा, ही रंगवणाऱ्याने खाडी बघितलेलीच नाही. तो हसला. आमच्या कोळीवाड्याच्या जागी हिरवा स्पंज चिकटवला होता, झाडं म्हणून.

निमेश सर तिथले संचालक. पन्नाशीचे, हळू बोलणारे, माझ्याशी मुद्दाम मराठीत बोलले. विषय काय घेणार? मी म्हटलं, चिखलात उतरून हाताने म्हावरं धरणाऱ्या आमच्या बायका. ते सरळ होऊन बसले. किती बायका? कुठल्या काठावर? नावानिशी फॉर्म भरून मिळतील का? माझ्या विषयात इतकं बारीक आजवर कुणी विचारलं नव्हतं. मिहिर म्हणून त्यांचा माणूस सोबत येणार, सर्व्हेची पद्धत शिकवायला. मी तरंगतच घरी आले.

३१ जानेवारी

तीन दिवस खाडीवर. परवा अमावास्या झाली, म्हणजे ओहोटी मोठी, पाणी पार आत जातं आणि सगळ्या बायका एकदम उतरतात. मिहिर गमबूट घालून आला होता. दहाव्या पावलाला बूट चिखलात आणि मिहिर नुसत्या मोज्यावर. द्रौपदी मावशीने बूट उपसून दिला आणि वर म्हणाली, सायबाला पायातलं सांभालता येत नाय आनि आमचा हिशोब घ्यायला आलाय. द्रौपदी मावशी म्हणजे आमची शेजारीण, आईची खाडीतली जोडीदार. वीस वर्षं दोघी बरोबर उतरतात.

मिहिर विचारणार, मी लिहिणार. नियम त्याने पहिल्याच दिवशी सांगितला: समोरची बाई जे बोलेल ते आणि तेवढंच लिहायचं, मध्ये आपलं घालायचं नाही. पहिला फॉर्म आईचा. पाटीवर ओलं गोणपाट, खाली चिंबोऱ्यांची खडखड चाललेली. मिहिरने विचारलं, काकी, आज किती मिळालं? आई म्हणाली, "कय नाय." रोजचं साधारण किती? "कय नाय गावत." मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे, दोघींनाही हसू आवरत नव्हतं. लिहिलं: शून्य.

ह्यात मिहिरची चूक नाही, त्याला काय माहीत. खाडीतून वर येताना कुणी विचारलं तर 'गावलं' असं तोंडाने बोलायचं नसतं आमच्यात. बोललं की उद्या हात रिकामा. आजी म्हणायची, खाडी ऐकते. बांधावर थांबणारं जुनं गिऱ्हाईकसुद्धा शहाणं, 'कय नाय' ऐकलं की हसतं आणि स्वतःच गोणपाट उचलून बघतं. घरात, आपापसात खरं बोलतात, तेही वाट्यांत, म्हणजे विकायला मांडायच्या ढिगांत: आज सहा वाटे झाले, आज आठ. परक्याला मात्र 'कय नाय'. आणि कागद घेऊन उभी राहिले म्हणजे मीही परकीच.

एकेचाळीस बायका झाल्या. बाराजणींनी काहीतरी आकडा सांगितला, त्या बहुतेक बाहेरून आलेल्या सुना. एकोणतीस जणी 'कय नाय'. एकोणतीस शून्यं लिहून माझा हात दुखला.

९ फेब्रुवारी

अहवाल लिहून झाला. शून्यांचा तक्ता दिला आणि त्याखाली एक मोठा परिच्छेद, की ह्या बायका असं का बोलतात, पाटीवरचं गोणपाट उचललं तर खाली काय असतं, आणि मी घरी बसून, वाटे विचारून काढलेला खरा आकडा किती. शून्यापासून फार लांब आहे तो. चारजणांचं घर चालेल इतका. हा परिच्छेद माझा मला इतका आवडला की आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, कागदावर कशाला लिहिलंस गो, खाडीला कलंल. पण खूश झाली होती.

१५ फेब्रुवारी

निमेश सरांचा फोन. अहवाल फार बोलका आहे म्हणाले. मरत चाललेली खाडी, रिकाम्या पाट्या, आणि त्यातूनच वर आलेली मुलगी, जी शिकून परत येऊन खाडी जगवणार. कमिटीच्या डोळ्यांत पाणी येईल. फक्त तो एक परिच्छेद. तू एका हाताने सांगतेस आणि दुसऱ्या हाताने पुसतेस, म्हणाले. चालीरीती शास्त्रीय अहवालात गोंधळ करतात. काढच असं मी म्हणणार नाही, अहवाल तुझा आहे. बाकीच्या दोन उमेदवारांचे अहवाल मात्र अगदी स्वच्छ आहेत.

स्वच्छ म्हणे.

दोन तास लॅपटॉपपुढे बसले. सहा चहा झाले असतील. मग काढला. मी खोटं काही लिहिलेलं नाही. बायका जे बोलल्या तेच लिहिलंय, शब्दाला शब्द. पद्धत तीच आहे. जगभर तीच आहे.

२३ मार्च

मुलाखत. पंधरा मिनिटं. मी आईचा फॉर्म मोठ्याने वाचून दाखवला. कमिटीतल्या एका बाईंनी खरोखर डोळे पुसले. वाचता वाचता मलाच क्षणभर वाटलं की आईला काही मिळत नाही. मग आठवलं, सकाळी चिंबोरीचं कालवण खाऊन निघाले होते.

७ एप्रिल

मिळाली. मला मिळाली. वर्षाला एक, आणि ती मला.

आई बाजारातून धावत आली, पाटी तिथेच टाकून. मला जवळ घेतलं तर अंगाला माशांचा वास, आणि मी पहिल्यांदाच ओरडले नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत पेढे. द्रौपदी मावशीने माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. तिचा मुलगा सिद्धेश आमच्या मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी आहे, त्याने नाक्यावर बॅनर लावला: 'कोळीवाड्याची शान'. फोटो आधार कार्डवरचा, त्यात मी चोरासारखी दिसते. पण आज सगळं माफ.

२० मे

सोसायटीच्या दारावर नोटीस लागलीय. खाडीवर पूल होणार. आमच्याकडचा काठ ऑक्टोबरपासून चार वर्षं बंद, पत्रे मारणार, भराव घालणार, आणि नंतर तिथे खांब. ज्यांचा धंदा बुडेल त्यांना भरपाई. बायकांची यादी जोडली आहे. बारा नावं.

आईचं नाव नाही. द्रौपदी मावशीचं नाही. चाळीस वर्षं चिखलात काढलेल्या एकीचंही नाही. कारण खाली दिलंय: स्थानिक अभ्यासकाने केलेल्या सर्वेक्षणानुसार उर्वरित एकोणतीस महिलांचं खाडीपासूनचं उत्पन्न शून्य. जोडपत्र म्हणून माझा अहवाल. शेवटच्या पानावर माझं नाव, पूर्ण.

गर्दीत उभी राहून तीनदा वाचलं. मग आठवली ती काचेची पेटी आणि निळी खाडी. मी त्या वॉचमनशी विनोद करत होते. मला कुणीतरी दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या तेव्हाच.

निमेश सरांना बहुतेक हे माहीत नसेल. कंपनी मोठी आहे, एका खात्याचं दुसऱ्याला कळत नाही.

२२ मे

सिद्धेश आला होता. तो भांडेल असं धरून मी चार उत्तरं तयार ठेवली होती. तो भांडला नाही. आईने दिलेलं पाणी प्यायला, फोनवर नोटिशीचा फोटो दाखवला आणि म्हणाला, "तू एक कागद लिहून दे. बायका 'कय नाय' बोलतात ती रीत हाय, तो आकडा नाय. तुझी सही पाहिजे, बाकी आम्ही बघतो."

चार जूनला सुनावणी आहे. तोपर्यंत द्यायचा. मी म्हटलं देते. खरंच द्यायचंच ठरवलं होतं. चार ओळींचा तर कागद.

२७ मे

आधी निमेश सरांना सांगावं म्हणून अंधेरीला गेले. उगाच त्यांना बाहेरून कळायला नको. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, तुझी भावना समजते. पण बघ, तुझी निवड ह्या अहवालावर झालीय. अहवालातले आकडे चुकीचे आहेत असं तूच लिहून दिलंस तर कमिटीला निवडीचा पुन्हा विचार करावा लागेल. माझ्या हातात नाही ते. तू सज्ञान आहेस, तू ठरव.

विद्यापीठाला पहिला हप्ता वीस जूनपर्यंत जायचाय. तो गेला नाही तर जागा जाते. हात दगडाखाली असणं म्हणजे काय ते कळलं.

जाताना त्यांनी मला टिकाऊ विकासावरचं एक जाडजूड पुस्तक भेट दिलं.

१ जून

कागद अजून लिहिलेला नाही. रोज चार ओळी लिहिते आणि फाडते. सिद्धेशचे नऊ मिस्ड कॉल. आज आईला सांगून टाकलं सगळं, निमेश सर काय म्हणाले ते. आई बोंबील साफ करत बसली होती. तिने एकच विचारलं, लिहून दिलंस तर तुजं जानं बंद? मी म्हटलं, बहुतेक. ती पुढचा बोंबील घेऊन बसली.

मग दुपारी सोसायटीत बायकांची बैठक झाली. मी गेले नाही, कुठल्या तोंडाने जाऊ. आईच येऊन म्हणाली, "तू नको लिहू काय. आमीच बोलतो. सगल्या जनी सायबापुढं उभ्या रातो आनि खरा आकडा तोंडानं सांगतो."

मी विचारलं, सगळ्या तयार झाल्या? खाडीत उतरणाऱ्यांतली सगळ्यात म्हातारी राधाआजी नव्हती म्हणे तयार. ऐंशी वर्षांत एकदा आकडा बोलले नाही, आता मरताना बोलू काय, म्हणाली. तिला समजावता समजावता संध्याकाळ झाली. पहिली आई बोलणार, कारण पहिला फॉर्म तिचा.

सुटले एकदाची, असं वाटलं. आता मला काहीच करायला नको. बायकांचा प्रश्न, बायकाच बोलणार, हेच तर खरं संवर्धन, लोकसहभाग म्हणतात तो. पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे ह्यावर.

४ जून

लिहायचं नाहीये पण लिहिते.

समाजमंदिराचा हॉल भरला होता. टेबलापाशी अधिकारी, त्यांच्या बाजूला फॉर्मचा गठ्ठा, दुसऱ्या रांगेत मिहिर फोन घेऊन. मी खांबाजवळ उभी. आईचं नाव पुकारलं. ती गेली, पदर खोचला, माइकपाशी फार जवळ जाऊन बोलली. रोजचे सात-आठ वाटे. उधाणाला बारासुद्धा. भाव इतका. असं वर्षाचे दहा महिने. एकेक आकडा सांगताना तिचा आवाज बारीक होत होता. मागे राधाआजीने कानांवर हात ठेवले.

अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने गठ्ठ्यातून पहिला फॉर्म काढला. म्हणाला, बाई, इथे तर शून्य आहे. आई म्हणाली, ते तसं बोलायचं आसतं. म्हणजे तेव्हा खोटं बोललात आणि आता खरं? की भरपाई दिसल्यावर आकडा वाढला? हॉलमध्ये गलका झाला. सिद्धेश उठून रीत काय ते सांगायला लागला, त्याला खाली बसवलं. मग अधिकाऱ्याने फॉर्म वर धरला. हा भरणारी मुलगी इथलीच आहे ना? तुमचीच मुलगी? तिलाच विचारू.

सगळे वळले. त्याने मला विचारलं, "तुमचा फॉर्म बरोबर आहे की नाही, एवढंच सांगा."

एवढंच सांगायचं होतं. 'नाही' म्हणायचं होतं. मिहिरने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, धाक म्हणून नाही, नुसतं. मला वीस जून दिसत होता. आई माइकपाशीच होती, तीही बघत होती. माझं तोंड उघडलेलं होतं, आवाज येत नव्हता.

तेवढ्यात आई बोलली. "सायब, तिला नका इचारू. कागदावर हाय तेच खरं. मीच खोटं बोलले. पैशांसाठी."

आणि ती माइकपासून बाजूला झाली. अधिकाऱ्याने लिहून घेतलं. पुढचं नाव पुकारलं, द्रौपदी मावशीचं. मावशी जागची हलली नाही. पुढचं पुकारलं, तीही नाही. पहिलीनेच खोटं कबूल केल्यावर कोण उठणार? वीस मिनिटांत सगळं आटोपलं.

मी बोलणारच होते. देवाशपथ बोलणार होते. आणखी थोडी थांबली असती तर बोलले असते. घरी आल्यावर तेच ओरडले तिच्यावर, तुला कुणी सांगितलं होतं मध्ये तोंड घालायला? ती चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "तू उभी होतीस गो. बोलत नव्हतीस."

५ जून

आज पर्यावरण दिन. अंधेरीला फाउंडेशनच्या आवारात माझ्या हस्ते तिवराचं, म्हणजे खारफुटीचं, रोप लावलं, कुंडीत. गोड्या पाण्याच्या कुंडीत, एसीच्या बाहेरच्या डब्यासमोर. मी सांगितलं की हे असं जगायचं नाही. फोटोपुरतं आहे, म्हणाले.

२० जून

हप्ता गेला. विद्यापीठाची पोच आली.

२४ जून

द्रौपदी मावशी हाक मारत नाही आता. ओहोटी लागली की ती आमच्या दाराशी यायची, 'मंजुळा, चल गो', आणि दोघी निघायच्या. खाडीत एकटीने उतरत नाहीत. पाय खोल गेला तर ओढायला दुसरी लागते. आता सगळ्या आमच्या दारावरून जातात, बांगड्यांचा आवाज येतो, हाक येत नाही. त्या पुढे गेल्या की दहा मिनिटांनी आई पाटी उचलते. बाजारातही तिच्या दोन्ही बाजूंना हातहातभर जागा सोडून बसतात. तिला कुणी शिवी दिली नाही, काही नाही. फक्त खोटारडी म्हणून सोडून दिली. माझ्याशी मात्र सगळ्या नीट बोलतात, कधी जाणार, थंडी असेल ना तिकडे, असं विचारतात. मी शिकलेली, मला काय म्हणणार?

सगळं मी जाऊन सांगू शकते. आजही. दोन घरं ओलांडून जायचं आणि म्हणायचं, मावशी, आई खोटं बोलली नाही, ती माझ्यासाठी बोलली. पण मावशीला हे माहीत नसेल का? वीस वर्षं एकत्र चिखलात उतरल्यात, आठ वाटे म्हणजे आठ वाटे हे तिला माहीत नाही? माहीत आहे. म्हणूनच तर हाक मारत नाही. मग मी जाऊन काय वेगळं सांगणार?

असं मी स्वतःला समजावते आणि घरातच बसते. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं.

नाक्यावरचा माझा बॅनर सिद्धेशने काढलेला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

१९ जुलै

व्हिसा झाला.

आई आज तासभर उशिरा आली, छातीपर्यंत चिखल. पाय अडकला होता, म्हणाली. भरती चढायला लागली, पाण्याने चिखल सैल झाला तेव्हा सुटला. बाकीच्या कुठे होत्या विचारलं. लांब होत्या, म्हणाली. मी म्हटलं उद्यापासून जायचं नाही, मी दर महिन्याला शिष्यवृत्तीतून पाठवीन. ती अंगावर पाणी घेत राहिली. मग म्हणाली, ऑक्टोबरपासनं बंदच हाय ना, तवर जाऊ दे मना.

मी तिच्या पाठीवरचा चिखल धुतला. मला रडू आलं ते तिला दिसलं नसावं, पाणी ओतत होते म्हणून.

१२ ऑगस्ट

एकतीसला विमान आहे. आज मिहिर व्हिडिओसाठी आला होता. करारातच आहे तसं, वेबसाइटवर दीड मिनिट, मी आणि आई, खाडीकाठी. पुढच्या वर्षीच्या उमेदवारांना स्फूर्ती मिळावी म्हणून.

आई ठेवणीतली साडी नेसून तयार होती, अंबाडा घालून वेणी माळलेली. मिहिर म्हणाला, काकी, रोजचीच साडी बरी. ती बदलून आली. पाटीत सकाळच्या चिंबोऱ्या होत्या, चांगल्या मोठ्या. मिहिरला पाटी रिकामी हवी होती. आईने काही न विचारता चिंबोऱ्या मोरीतल्या बालदीत ओतल्या आणि पाटी धुऊन घेतली.

तिने बोलायचं ते मिहिरने कागदावर लिहून आणलं होतं, मी तिला म्हणून दाखवलं. 'या खाडीत आता आमच्यासाठी काही उरलं नाही. पण माझी मुलगी संवर्धनाचं शिक्षण घेऊन ही खाडी वाचवणार आहे.' 'संवर्धन' तिच्या जिभेवर बसेना. तीनदा चुकली. चौथ्यांदा बरोबर आलं तर मागून खाडीतल्या बायका वर यायला लागल्या, पाट्या घेऊन, गोणपाटाखाली जड. मिहिरने हात करून त्यांना थांबवलं, शॉटमध्ये भरलेल्या पाट्या नको होत्या. त्या बांधाखाली थांबल्या. द्रौपदी मावशी पुढे होती. तिने आमच्याकडे पाठ केली, मग एकेक करून सगळ्यांनी केली. थांब म्हणावं, कॅमेरा बंद कर म्हणावं, असं फार वाटलं. मी केस सारखे करून आईच्या बाजूला उभी राहिले.

पाचव्यांदा आई सरळ कॅमेऱ्यात बघून सगळं न चुकता बोलली. मिहिर खूश झाला. म्हणाला, काकी, एकदम मस्त. आईने रिकामी पाटी कमरेवर घेतली आणि त्याला विचारलं, "पोरीचे पैसे आता कोनी थांबवनार नाय ना?"

नाही काकी, आता कोण थांबवणार, तो म्हणाला.

"मंग झालं," आई म्हणाली. "आजून कय बोलायचं आसल तर सांग. बोलते."